ओटीपी पत्रानं कळव

६ नोव्हेंबर २०२४
वरचा तांडा, ता. आर्णी

उज्ज्वला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. मी बोलावत नाही, रडत नाही, कोणी आजारीही नाही. एक काम अडलं आहे आणि ते तुझ्यावाचून होत नाही, म्हणून लिहिते. पत्ता तुझ्या आईनं दिला. ढाणकीच्या बाजारात मीच तिला गाठलं आणि पिच्छा पुरवला, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

मागच्या आठवड्यात तुला एका माणसाचा फोन आला असेल, "ओटीपी सांगा" म्हणून. तू त्याला पोलिसांत द्यायची धमकी दिलीस. तो चोर नाही. तो खेमसिंग जाधव, आर्णीचा. आधी लोकांच्या छपरावर टीव्हीच्या छत्र्या बसवायचा, आता फायबरच्या तारा ओढतो. तुझं बोलणं त्याला फार लागलं. माझ्या ओट्यावर बसून दोन कप चहा प्याला आणि म्हणाला, "बाई, वीस वर्ष झाले लोकाच्या घरात शिरून राह्यलो. चोर कोणी म्हनलं नोतं." त्याची समजूत काढता काढता माझी दुपार गेली.

तर झालं असं, की आपल्या तांड्यात फायबर आलं. शाळेत लागलं, धावजी नाईकांकडे लागलं, रेशनच्या दुकानात लागलं. चौथा नंबर माझा. साठी उलटलेल्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाईला इंटरनेट कायले पाहिजे, असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण बादल दिवाळीला सुरतहून दीड दिवस आला आणि ओसरीवर एक कॅमेरा ठोकून गेला. म्हणाला, "याडी, वायफाय लावून घे. तू पडली-गिडली तर मले तिथून दिसन." दिसेल खरं. तो सुरतहून येईपर्यंत मी पडलेलीच असेन, पण दिसेल. धाकट्या लेकाची माया आहे, नाही कशी म्हणू.

खेमसिंगनं अर्ज भरायला घेतला. त्याच्या मोबाइलमध्ये माझा आधार नंबर टाकला, तर ओटीपी गेला तुझ्याकडे. गॅसचा अर्ज आठवतो ना? मग बँक, मग आधार, मग रेशन. माझ्याकडे तेव्हा फोनच नव्हता. सगळ्या कागदांवर तू तुझा नंबर टाकत गेलीस आणि म्हणालीस, "तुमचा काय न् माझा काय, एकच." त्यामुळे आजही माझं सिलिंडर निघालं की ते आधी तुला नागपुरात कळतं, आणि मला गाडीचा भोंगा वाजल्यावर.

तुझा नंबर मला पाठ आहे. माझ्या फोनवरून लावला की एकदा वाजून बंद होतो. खेमसिंग म्हणतो, याला ब्लॉक म्हणतात. असो, तुझा फोन आहे.

काम एवढंच. सोमवारी, ११ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास खेमसिंग पुन्हा बटण दाबणार. तुझ्या मोबाइलवर सहा आकडे येतील. सोबत कोरं कार्ड जोडलं आहे, त्यावर माझा पत्ता लिहिलेला आहे. ते आकडे त्यावर लिहून टपालात टाक. दुसरं काही लिहायची गरज नाही.

शाम गेला तेव्हा तू सत्तावीस वर्षांची होतीस. माझा लेक आणि तुझा नवरा एकाच दिवशी एकाच रस्त्यावर गेला. तू पुढं दुसरं लग्न केलंस याचं मला वाईट वाटत नाही, हे मनापासून लिहिते. त्याआधी तुझ्या-बादलच्या बाबतीत जे झालं ते तांड्यानं ठरवलं होतं. माझ्या हातात काही नव्हतं. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

शीलाबाई रामधन राठोड


२७ नोव्हेंबर २०२४

उज्ज्वला,

तुझं कार्ड शनिवारी आलं. कपाशी वेचायच्या दिवसांत तांड्यात चिटपाखरू नसतं, सगळे वावरात. पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी आत शेंगा निवडत होते, सूप तसंच टाकून पळाले.

चार, शून्य, सात, सात, एक, नऊ. बाकी एक अक्षर नाही. तुझा सात अजून तसाच, मध्ये आडवी रेघ मारलेला. अंगणवाडीच्या रजिस्टरात तू आकडे भरायचीस तेव्हा पर्यवेक्षिका मॅडम मला विचारायच्या, ही रेघ कशाला? मी म्हणायचे, आमच्या सूनबाईची फ्याशन आहे.

खेमसिंगला फोन करायला पाण्याच्या टाकीपाशी गेले, कारण रेंज अजून तिथंच येते. आकडे वाचून दाखवले. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं, हसून राहिलाय. म्हणाला, "बाई, हा नंबर दहा मिनिटंच जिता राह्यते. मंग मेला. तुमी तो पोस्टानं मागवला?"

मला कुठं माहीत होतं? मी आपली पस्तीस वर्षं पोषण आहाराचे आकडे महिन्याच्या महिन्याला पाठवणारी. आकडा महिनाभर टिकतो अशीच माझी समजूत.

पण तुला माहीत होतं. दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर संगणकापुढं बसतेस तू. आकडे मेलेले आहेत हे माहीत असून ते लिहिलेस, आणि पेटी शोधून टाकलेस. माझी चेष्टा केलीस की काय केलंस, हे मला चार दिवस ठरवता येईना. कार्ड देवघरात ठेवलं होतं, नंतर वाटलं हे जरा अति होतंय, म्हणून कणगीवरच्या डब्यात ठेवलं.

इकडची स्थिती अशी. तार खांबावरून माझ्या भिंतीपर्यंत आली आहे, उरलेलं वेटोळं खिळ्याला टांगलं आहे. पांढरी डबी बसवली, तिच्यावर लाल दिवा लागतो. हिरवा लागला की झालं म्हणे. बादल सुरतहून रागावतो, "लोकाचे एका दिवसात लागले, तुयंच काहून नाही लागत?" त्याला सांगितलं, कंपनीचा काहीतरी घोळ आहे. तुला पत्र लिहिते हे त्याला माहीत नाही.

खेमसिंगनं सोपा उपाय सांगितला. आर्णीच्या आधार केंद्रावर जायचं, अंगठा द्यायचा, नंबर बदलून माझा टाकायचा. आठ दिवसांत काम. मी जाऊन आले, पण कापूस वेचून वेचून अंगठे घासले आहेत, यंत्रावर उमटत नाहीत. तेव्हा तो रस्ता बंद आहे.

म्हणून आता असं करू. मंगळवारी, १० डिसेंबरला, सकाळी अकराला खेमसिंग माझ्या घरी येईल. त्याच्याच फोनवरून तुला लावेल. तेवढा एक फोन उचल आणि आकडे सांग. माझ्याशी बोलावं लागणार नाही. तो टाकीपाशी उभा राहील, मी घरात थांबेन.

तू जेवणाच्या डब्यात अजून भाकरीच नेतेस का? विचारायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. खोडत नाही, पत्र घाण दिसतं.

शीलाबाई


११ डिसेंबर २०२४

उज्ज्वला,

नाही उचललास. तीन वेळा लावला त्यानं. अकरा, सव्वाअकरा, बारा. शेवटच्या वेळेला मीही टाकीपाशी गेले होते, कबूल करते.

फार राग आला तुझा. दोन मिनिटांचं काम, कोणी तुझं घर मागत नव्हतं. खेमसिंग गेल्यावर सगळी भांडी काढून पुन्हा घासली. कोणी ऐकायला नव्हतं, तरी तुला मोठ्यानं बोलले, जुन्या सासवांनाही शोभलं नसतं असं बोलले. मग दमून चुलीपुढं बसले.

बसल्यावर पहिल्या पत्रातलं ते वाक्य आठवलं. तांड्यानं ठरवलं, माझ्या हातात काही नव्हतं. तू ते वाचलं असशील आणि मग सहाच आकडे लिहिले असशील. आता खरं काय ते लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून सलग लिहिते.

नागपूरच्या दवाखान्यातून तुला नोकरीचा फोन आला, त्या रात्री तू बॅग खाली काढलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नळावर गेलीस तेव्हा मी धावजी नाईकांकडे गेले. तांड्याचा निवाडा त्यांच्या हातात, पण त्यांनी मला बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, नाईक, सुनेला बादलच्या घरात बसवून द्या, आपल्यात मोठा भाऊ गेल्यावर धाकट्याशी लावायची जुनी रीत आहे. नाईक म्हणाले, "बाई, ते दिवस गेले. आता कोनावर जबरदस्ती चालत नाही. पोरीले विचारलं का? तिले कबूल असन तरच मी लोकं बसवतो."

मी म्हटलं, विचारलं. कबूल आहे. लाजते, म्हणून माझ्या तोंडी निरोप दिला.

उज्ज्वला, हे मी म्हटलं. नाईकांनी नाही, तांड्यानं नाही.

बादललाही मी हेच सांगितलं. तो दोन दिवस धड जेवला नाही. तू त्याला शिकवलंस, त्याचे कपडे धुतलेस, तो तुझ्याकडे मान वर करून बोलत नसे. शेवटी म्हणाला, "भाभीची मर्जी असन तर मी नाही म्हणत नाही." तुला आजवर वाटत आलं असेल की त्यानंच तुला मागितलं. तुझ्या मनात तसं आहे हे मला माहीत होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

नाईकांच्या ओट्यावर गूळ फोडला. आपल्यात एकदा गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मागं फिरणं नाही, आणि मी त्याच भरवशावर होते. वाटलं होतं, वीस माणसांसमोर तुझ्या हातावर खडा ठेवला की तू गप्प खाशील. तू विचारलंस, "कायचा गूळ हाये?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी पदराशी खेळत राहिले. मग तू म्हणालीस, "मले कोनी विचारलं?" आणि खडा ओट्याच्या कडेला ठेवलास. फेकला असतास तर मला बरं वाटलं असतं, तुझ्यावर रागवायला काही कारण मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं तू गेलीस. त्या उन्हाळ्यात बादलही सुरतला निघून गेला. तू हो म्हणून चारचौघांत नाकारलंस, असं त्याला वाटतं. तांड्यात तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून तो सुरतला राहतो आणि मला कॅमेऱ्यातून पाहणार आहे.

का केलं? शाम गेल्यावर घरात तू वावरायचीस, भांडं वाजायचं, नळाखाली बादली लागल्याचा आवाज यायचा. तू गेलीस तर हे काही राहणार नव्हतं. मला एकटीनं राहायची भीती वाटत होती. इतकंच कारण आहे, दुसरं मोठं काही नाही.

आणि अंगठ्याचंही खोटं आहे. आर्णीला मी गेलेच नाही. नंबर बदलला की माझं काहीच तुझ्याकडे येणार नाही, म्हणून गेले नाही. सिलिंडर निघाल्याचा निरोप आला की तू निदान क्षणभर म्हणत असशील, म्हातारीचा गॅस संपला वाटतं. मी त्या एका क्षणावर जगत होते.

आता तुला विचारते. तुझा नंबर माझ्या कागदांवर राहू देऊ, का काढू? तू सांगशील तसं करते. सोबत कार्ड जोडलं आहे. एक शब्द पुरे.

शीला


२१ जानेवारी २०२५

उज्ज्वला,

तुझं कार्ड आलं नाही. महिनाभर पोस्टमन आला की मी दारात, आणि तो हातानंच नाही म्हणून पुढं जायचा. शेवटी शेवटी तर माझं दार आलं की बिचारा सायकलचा वेग वाढवायला लागला.

दरम्यान दोन कामं केली. धावजी नाईकांकडे जाऊन सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले. ते म्हणाले, "गूळ तं मीच वाटला ना, बाई." आणि आत गेले. तेव्हापासून त्यांच्या घरची मला हाक येत नाही. बादललाही फोनवर सांगितलं. त्यानं सगळं ऐकून फोन ठेवला. चार दिवस त्याचा फोन नाही. पाचव्या दिवशी आला आणि विचारलं, "क्यामेरा चालू झाला का?" त्यापेक्षा जास्त त्याच्याच्यानं बोलवलं नाही, माझ्याच्यानंही नाही.

मग १० तारखेला, शुक्रवारी, खेमसिंग आला तो डबी काढून न्यायला. दोन महिने लाल दिवा लागलेली डबी कंपनी ठेवू देत नाही म्हणे. स्क्रू काढायच्या आधी त्याच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, म्हणाला, "शेवटचं एकडाव दाबून पायतो." शाळेच्या वायफायवर त्याचा फोन जोडलेला होता, तेवढी ओढ माझ्या अंगणापर्यंत येते आणि त्यावर फोनही लागतो. त्यानं बटण दाबलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधत बसला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं तो आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला, कारण आकडे त्याच फोनमध्ये टाकायचे होते.

तू आकडे सांगितलेस. सावकाश, एकेक, आणि मग पुन्हा एकदा. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी होते. श्वासाचासुद्धा आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडाला लावला होता. साडेतीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. थोडा जाड झाला आहे. सर्दी होती का?

दिवा हिरवा झाला. खेमसिंग म्हणाला, झालं मॅडम. तेव्हा तू विचारलंस, "डबी कुठं लावली?" तो म्हणाला, आतल्या भिंतीवर. तू म्हणालीस, "चुलीच्या भिंतीले नका ठेवू. तिकडं धूर असते, महिन्यात खराब होईन. दाराच्या वर लावा, तिथं खुंटी हाये."

आहे. शामनं कंदील टांगायला ठोकलेली. तुला आठवली, मला नव्हती आठवली.

नंतर तू म्हणालीस, "आन् त्याहिले सांगा, माया नंबर काढून टाका म्हना. आता त्याहिच्याकडे स्वतःचा हाये." खेमसिंग माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली. तो म्हणाला, सांगतो. तू फोन ठेवलास.

आवाजात राग नव्हता. मी तो पुन्हा पुन्हा आठवून पाहिला, कुठं राग सापडतो का म्हणून. सापडला असता तर जपून ठेवला असता, पण नव्हता.

डबी दारावर लावली. कॅमेरा चालू झाला. बादल कामावरून आला की मला पाहतो. परवा विचारत होता, "याडी, तू वसरीवर बसून काय लिहीत राह्यते?" म्हटलं, अंगणवाडीतल्या पोरांची नावं आठवून लिहिते. कॅमेऱ्यातून कागदावरचं वाचता येत नाही, हे खेमसिंगला विचारून घेतलं होतं. तरी आज आत बसून लिहिते आहे. इथं चुलीशी उजेड कमी आहे, अक्षर सांभाळून घे.

काल सोमवारी आर्णीला गेले. सकाळच्या गाडीनं गेले, केंद्र उघडायच्या आधी रांगेत चौथी होते. गर्दीत सगळ्यांनाच घाई, कोणाला कापसाच्या गाडीची, कोणाला कागदांची. माझी पाळी आली. काचेवर अंगठा ठेवला. मग दुसरी बोटं. काउंटरवरची मुलगी नवीन होती, निकिता का काहीसं नाव होतं गळ्यातल्या पट्टीवर. तिनं पडद्यावर पाहून विचारलं, जुना नंबर बंद झाला का?

मी म्हटलं, नाही, चालू आहे.

मग कोणाचा आहे, काकू?

मी म्हटलं, उज्ज्वलाताईंचा. नागपूरला असतात.

तुमच्या कोण?

मागे रांग होती. एक माणूस माझ्या खांद्यावरून वाकून पडदा वाचत होता. तोंडात आलेलं मी गिळलं आणि म्हटलं, ओळखीच्या आहेत.

तिनं मान डोलावली, माझा नवा नंबर टाकला, कागदावर सही घेतली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शीला